जेडेडाया पेक : नांगर धरणारा कायदेकर्ता

कायदे करणें हें कायदा शिकलेल्यांचें काम. शेतकऱ्यानें नांगर धरावा, व्यापाऱ्यानें तागडी धरावी आणि राज्यकारभार ज्यांस समजतो त्यांनीं तो पाहावा, ही समजूत जगांत फार जुनी आहे. जेथें राजा नाहीं व जेथें लोक आपले प्रतिनिधि आपण निवडतात अशा देशांतहि ती एकदम नाहींशी होत नसते. अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं १७७६ सालीं इंग्लंडच्या राजाचें जूं झुगारून दिलें खरें. पण पुढील वीस-पंचवीस वर्षें न्यूयॉर्क संस्थानांत मोठ्या जमीनदारांचा व वकिलांचाच पगडा होता. तेथील १७७७ च्या राज्यघटनेप्रमाणें कनिष्ठ सभेच्या निवडणुकींत मत देण्यास वीस पौंडांची जमीन अथवा चाळीस शिलिंगांचें भाडें भरणारें कूळपण लागे. गव्हर्नर व वरिष्ठ सभा यांच्या निवडणुकीस तर शंभर पौंडांची जमीन पदरीं असावी लागे. अशा काळीं त्या कायदेमंडळांत एक शेतकरी शिरला. तो वक्ता नव्हता, त्यास कुळाचें पाठबळ नव्हतें, रूपहि यथातथाच होतें. तरी त्या संस्थानांतील गांवोगांवच्या प्राथमिक शाळांचा पाया ज्यांनीं घातला त्यांत त्याचें नांव पहिलें घ्यावें लागतें. त्याचा वृत्तांत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जेडेडाया पेक याचा जन्म १७४८ सालीं कनेक्टिकट प्रांतांतील लाइम या गांवीं झाला. शाळेचें शिक्षण त्यास बेताचेंच मिळालें. जें वाचन झालें तें मुख्यत्वें बायबलाचें, आणि तें मात्र इतकें कीं त्याच्या बोलण्यांत व लिहिण्यांत त्या ग्रंथाचीं वाक्यें आपोआप येत. स्वातंत्र्ययुद्धांत त्यानें शिपाईगिरी केली. आणि युद्धानंतर हजारों कनेक्टिकटवासी जसे स्वस्त जमिनीच्या शोधांत पश्चिमेकडे निघाले तसाच तोहि निघून सुमारें १७९० त न्यूयॉर्क संस्थानांतील ओट्सेगो परगण्यांत बर्लिंग्टन येथें येऊन राहिला. तेथें त्यानें जंगल तोडून शेत केलें. शेतावर भागत नसे म्हणून लोकांच्या जमिनी मोजून देणें, सुतारकाम करणें, गिरण्या उभारणें हींहि कामें तो करी. दिवसा एखाद्याची जमीन मोजावी आणि रात्रीं त्याच्याच घरीं शेजारपाजार जमवून धर्मोपदेश करावा, असा त्याचा क्रम असे. घोड्यावर टाकलेल्या पडशींत मोजणीच्या कागदांबरोबर राजकारणाचीं पत्रकें भरलेलीं असत, व जेथें जाईल तेथें तो तीं वाटी. त्यास पाहिलेल्यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, माणूस ठेंगणा, आवाज रेंगाळणारा, सभेंत उभा राहून छाप पाडण्याची कला त्यास मुळींच नव्हती. पण ज्याच्या चुलीशीं बसून तो बोले, त्याचें मत सहसा त्याच्यासारखें होऊन जाई.

ही जमीन कोणाची होती, हें येथेंच सांगून टाकणें बरें. सस्क्वेहॅना नदीच्या उगमाकडील तो मुलूख इरोक्वॉइ राष्ट्रसंघाच्या लोकांचा होता. १७७९ सालीं अमेरिकन फौजांनीं त्यांचीं गांवें व उभीं पिकें जाळलीं, आणि युद्ध संपल्यावर तो मुलूख 'रिकामा' म्हणून कागदोपत्रीं विकला गेला. पेक व त्याचे शेजारी स्वतःस गरीब समजत व ते गरीब होतेहि. पण त्यांच्याहून अधिक लुबाडले गेलेले लोक त्या रानांतून नुकतेच हांकलले गेले होते. पेकच्या चरित्राचे गोडवे गातांना ही गोष्ट वगळणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

या परगण्याचा सर्वेसर्वा विल्यम कूपर नांवाचा गृहस्थ होता. हाहि जन्मानें थोर नव्हे. गाड्यांचीं चाकें करण्याचा धंदा करतां करतां तो जमिनीच्या व्यापारांत पडला, आणि ओट्सेगो सरोवराच्या कांठीं चाळीस हजार एकरांचा मुलूख हातीं घेऊन त्यानें कूपरस्टाउन हें गांव वसविलें. पुढें कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आलेला जेम्स फेनिमोर कूपर हा त्याचाच मुलगा. कूपरची व्यापारी रीत मोठी हुशारीची होती. तो जमीन कुळवाडीनें न देतां लांब मुदतीच्या उधारीवर विकी. त्यामुळें माणसें झपाट्यानें आलीं, आणि आलेला जवळ जवळ प्रत्येक माणूस त्याचा ऋणको झाला. कूपर परगण्याचा मुख्य न्यायाधीश, कूपर काँग्रेसचा सभासद, आणि कूपरच सावकार! १७९२ च्या गव्हर्नरच्या निवडणुकींत त्यानें मतदारांस दटावल्याचा बोभाटा कायदेमंडळापर्यंत गेला होता. ज्याचें देणें आपल्या डोक्यावर आहे त्याच्या देखत स्वतंत्र मत देणें किती कठीण असतें, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

१७९५ सालीं कूपरस्टाउनास 'ओट्सेगो हेरल्ड' नांवाचें वर्तमानपत्र निघालें. त्यांत पेक लिहूं लागला. सही करी 'प्लाऊ जॉगर', म्हणजे आपल्याकडे कोणी 'नांगऱ्या' म्हणून सही करावी त्यांतला प्रकार. त्याच्या लिखाणाचा रोख मुख्यतः वकिलांवर व कज्ज्यांच्या खर्चावर असे. कायदा सामान्य माणसास समजेल अशा भाषेंत नसतो, तो समजावून देण्याचे पैसे पडतात, आणि ज्यांस ते पैसे मिळतात त्यांच्याच हातीं कायदे करणें असतें, म्हणून कायदा सोपा होत नाहीं, असा त्याचा एकंदर आक्षेप. भाषा ओबडधोबड व शुद्धलेखन त्याहूनहि ओबडधोबड. सुशिक्षितांनीं त्याची यथेच्छ टवाळी केली. टवाळीनें लेखक थांबला नाहीं, इतकेंच नव्हे तर नांगऱ्या म्हणून तो परगणाभर ओळखला जाऊं लागला. १७९६ त हे वादविवाद पुस्तकरूपानेंहि छापून निघाले. ज्यांच्याविषयीं कायदे होतात त्यांच्यांतला कोणी स्वतःच्या बोलींत लिहूं लागला म्हणजे त्याच्या मुद्द्यास उत्तर न देतां त्याच्या ऱ्हस्वदीर्घास हंसणें, ही विद्वानांची खोड एकाच देशापुरती नाहीं.

पेकची ही उठाठेव कूपरास प्रथम फारशी बोंचली नसावी. पेक हा परगण्याच्या न्यायासनावर बसला (त्या न्यायासनास वकिलीची सनद लागत नसे), आणि १७९८ सालीं कनिष्ठ सभेवर निवडून आला तेव्हां तो कूपरच्याच फेडरॅलिस्ट पक्षाचा होता. बिघाड झाला तो यानंतर.

त्या वर्षीं फ्रान्सशीं युद्ध जुंपण्याच्या बेतांत होतें. प्रेसिडेंट ॲडम्स यांच्या पक्षानें काँग्रेसांत दोन कायदे पास करून घेतले. एकानें प्रेसिडेंटास वाटेल त्या परदेशी मनुष्यास देशाबाहेर घालविण्याचा अधिकार मिळाला. १४ जुलै १७९८ च्या दुसऱ्यानें सरकार, काँग्रेस किंवा प्रेसिडेंट यांची बदनामी करणारें खोटें व द्वेषमूलक लिखाण हा गुन्हा ठरून त्यास दोन हजार डॉलरपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवण्यांत आली. आमच्याकडे अशा कायद्यास राजद्रोहाचा कायदा म्हणत, आणि त्या शब्दाची ओळख मराठी वाचकांस १८९७ पासून चांगली आहे. जेथें राजाच नाहीं तेथें राजद्रोह कसला, असा प्रश्न कोणी विचारील. पण अधिकारावर बसलेल्यास राजा होण्यास मुकुटच लागतो असें नाहीं. गंमत अशी कीं, बदनामीच्या या कायद्याच्या संरक्षणांतून व्हाइस-प्रेसिडेंटाचें नांव तेवढें वगळलें होतें, कारण ती जागा त्या वेळीं विरुद्ध पक्षाच्या जेफर्सनकडे होती! व्हर्माँट संस्थानांतील काँग्रेसचा सभासद मॅथ्यू लायन यास याच कायद्याखालीं चार महिने कैद व एक हजार डॉलर दंड झाला, आणि लोकांनीं त्यास तुरुंगांत असतांनाच पुन्हा निवडून दिलें.

पेकनें आपल्या पक्षाची मर्यादा मोडून या कायद्यांविरुद्ध मत दिलें. आणि तेवढ्यानें न थांबतां, ते रद्द व्हावे म्हणून काँग्रेसकडे करावयाचा एक अर्ज घेऊन तो सह्यांसाठीं घरोघर फिरूं लागला. अर्जाची भाषा झणझणीत होती. ती युद्धांतील एक जुना सेनानी जॉन आर्मस्ट्राँग याची, असें त्या काळचा इतिहासकार हॅमंड सांगतो. कूपरनें अर्जाची प्रत न्यूयॉर्क येथील सरकारी वकिलाकडे धाडली. ग्रँड जूरीनें आरोप ठेविला, वारंट सुटलें, आणि १७९९ च्या सप्टेंबरांत मार्शलनें पेकास त्याच्या घरून धरून दोनशें मैलांवरील न्यूयॉर्क शहरीं नेलें. आरोप काय, तर सरकारकडे करावयाचा अर्ज फिरविला! सरकारकडे गाऱ्हाणें नेण्याचा हक्क त्या देशाच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनें लोकांस दिलेला, आणि ती दुरुस्ती अंमलांत येऊन अद्याप आठ वर्षेंहि झालीं नव्हतीं. मग ती दुरुस्ती कागदावर ठेविली होती तरी कोणासाठीं?

सरकारच्या बाजूच्या मुत्सद्द्यांनीं याहून मोठी चूक शोधूनहि सांपडली नसती. पन्नाशी उलटलेला, युद्धांत लढलेला, लोकांनीं निवडलेला एक शेतकरी कैदी म्हणून चालला आहे, आणि वाटेंतल्या प्रत्येक गांवीं लोक जमून त्याची चवकशी करीत आहेत, असा तो पांच दिवसांचा प्रवास झाला. हॅमंडचें म्हणणें असें कीं, शंभर उपदेशक त्या रस्त्यावर नेमले असते तरी फेडरॅलिस्ट पक्षाचें इतकें नुकसान झालें नसतें जितकें या एका यात्रेनें झालें. पेक जामिनावर सुटला, आणि खटला पुढें चालविण्याचा धीर सरकारास कधींच झाला नाहीं. १८०० च्या वसंत ऋतूंतील निवडणुकींत न्यूयॉर्कचें कायदेमंडळ रिपब्लिकन पक्षाच्या हातीं आलें. प्रेसिडेंट निवडणारे मतदार तेव्हां हेंच मंडळ नेमीत असे. त्यामुळें न्यूयॉर्कचीं बाराहि मतें जेफर्सनास मिळालीं, आणि तो ७३ विरुद्ध ६५ मतांनीं ॲडम्सच्या पुढें गेला. हीं बारा मतें उलट पडतीं तर निकालहि उलटला असता. याचें मुख्य श्रेय न्यूयॉर्क शहरांत खटपट करणाऱ्या ॲरन बरकडे जातें, हें खरें. तथापि खेड्यापाड्यांतील मनें फिरविण्यांत पेकच्या यात्रेचाहि वांटा होता. तो कायदा ३ मार्च १८०१ रोजीं मुदत संपून आपोआप मेला.

येथपर्यंतचा भाग शूरांच्या कथेसारखा आहे, आणि चरित्रकार बहुधा येथेंच रमतात. आमच्या मतें पेकची खरी कसोटी यापुढें लागली. छळ सोसल्यानें माणूस नांवाजला जातो; पण त्या नांवाचें तो पुढें काय करतो, हें पाहिलें पाहिजे. पेक १८०४ पर्यंत कनिष्ठ सभेंत व पुढें १८०८ पर्यंत वरिष्ठ सभेंत बसला, आणि तेथें त्यानें दोन विषयांचा पिच्छा पुरविला. एक कर्जासाठीं होणारी कैद, व दुसरा शाळा.

कर्जाविषयीं थोडक्यांत सांगतों. त्या काळीं ऋणको पैसे देऊं शकला नाहीं म्हणजे धनको त्यास तुरुंगांत टाकूं शके. आंत पडलेला मनुष्य काम करूं शकत नाहीं. काम नाहीं तर पैसा नाहीं. पैसा नाहीं म्हणून सुटका नाहीं! ज्यानें स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च भागविण्यासाठीं स्वतःची पत गहाण टाकली तो फिलाडेल्फियाचा धनाढ्य व्यापारी रॉबर्ट मॉरिस हाच १७९८ पासून १८०१ पर्यंत कर्जापायीं तुरुंगांत होता. मग ओट्सेगोच्या शेतकऱ्याची काय कथा? उधारी बुडूं नये ही व्यापाऱ्याची काळजी रास्त आहे, व ती आम्ही हलकी लेखीत नाहीं. पण कोंडलेल्या ऋणकोकडून वसूल होतें काय, याचा हिशेब केला तर तुरुंगाचा मार्ग धनकोसहि तोट्याचाच ठरतो. पेकनें ही चाल मोडण्याची खटपट केली. न्यूयॉर्कांत ती बंद होण्यास १८३१ साल उजाडावें लागलें.

शाळांची हकीकत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण ती सारी पैशाची हकीकत आहे. न्यूयॉर्क संस्थानानें १७८४ सालींच विद्यापीठाचें मंडळ नेमलें होतें; कॉलेजांस व ॲकॅडमींस म्हणजे वरच्या शाळांस मदत मिळत असे. थोरांचीं मुलें तेथें जात. खेड्यांतल्या मुलांसाठीं गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन यानें १७९५ सालीं वर्षास पन्नास हजार डॉलर, याप्रमाणें पांच वर्षें देण्याचा कायदा करविला. त्यास जोड म्हणून निम्मी रक्कम गांवांनीं कर बसवून उभारावयाची होती. परिणाम तात्काळ दिसला. १७९८ सालीं तेवीसपैकीं सोळा परगण्यांचे जे आंकडे आले त्यांत १,३५२ शाळा व ५९,६६० मुलें भरलीं. म्हणजे शेतकऱ्यांस शिक्षणाची आवड नाहीं, हा जो आक्षेप नेहमीं घेतला जातो तो तीन वर्षांत खोटा ठरला. १८०० सालीं मुदत संपली, आणि कायदेमंडळानें पुढील पैसा मंजूर केला नाहीं.

येथें पेक व साराटोगा परगण्याचा ॲडम कॉमस्टॉक हे दोघे पुढें सरसावले. कॉमस्टॉकहि शेतकरीच, व शाळेचें तोंड त्यानेंहि फारसें पाहिलेलें नव्हतें. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांच्या फंडाबद्दल तें संस्थान या दोन अशिक्षित शेतकऱ्यांचें ऋणी आहे, असा अभिप्राय हॅमंडसारख्या वकिलानेंच देऊन ठेविला आहे. त्यांस सरळ पैसा मिळेना. तेव्हां १८०१ सालीं जी तडजोड निघाली ती आमच्यासारख्यांस हंसावें कीं रडावें असा विचार पाडणारी आहे. एक लक्ष डॉलर उभारण्यासाठीं चार सोडती काढण्याचें ठरलें. त्यांतील साडेसत्त्याऐंशीं हजार प्राथमिक शाळांस व साडेबारा हजार वरच्या शाळांस. जुगाराच्या पैशानें मुलांस अक्षरें शिकवावयाचीं! ज्या सभेस चोख कर बसविण्याचें धैर्य नाहीं ती अशाच वाटा काढते. रात्रीं धर्मोपदेश करणाऱ्या पेकानें ती पत्करली, आणि त्याबद्दल आम्ही त्यास दोष देणार नाहीं. शाळा बंद ठेवून हात स्वच्छ ठेवण्यापेक्षां हें बरें, असा त्याचा व्यवहार असावा.

पण १७९५ च्या योजनेंतील वर्म या मंडळींच्या ध्यानांत आलें होतें. दरसाल मंजुरीवर अवलंबून असलेला पैसा म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवरचा धंदा. दुकान चालवावयाचें तर भांडवल स्वतःचें पाहिजे. १८०५ सालीं, पेक वरिष्ठ सभेंत असतां, सरकारी जमिनीपैकीं पांच लक्ष एकर विकून त्यांचें उत्पन्न कायमच्या फंडांत घालण्याचा कायदा झाला. मुद्दलास हात लावावयाचा नाहीं. व्याज वाढूं द्यावयाचें, आणि तें वर्षास पन्नास हजार डॉलरपर्यंत पोंचलें म्हणजे मगच वांटावयाचें. मुद्दल राखून व्याजावर चालणारी ही शाळा आमच्या पेठेंतल्या कोणत्याहि जाणत्या माणसास पटेल अशीच होती. वाट पाहण्याची तयारी मात्र हवी होती, आणि पेक तेव्हां साठीकडे झुकला होता.

१८११ सालीं गव्हर्नर टॉम्प्किन्स यानें शाळांची योजना आंखण्यासाठीं पांच जणांचें कमिशन नेमलें. त्यांत पेकचें नांव पहिलें होतें. १८१२ च्या फेब्रुवारींत कमिशननें अहवाल दिला, आणि १९ जून १८१२ रोजीं कायदा झाला. इंग्लंडशीं दुसरें युद्ध पुकारल्याचा तो दुसराच दिवस! तोफांच्या गडबडींत शाळांचा कायदा पास करणाऱ्या त्या सभेचें आम्हांस कौतुक वाटतें. कायद्याची रचना साधी होती. प्रत्येक गांवाचे लहान लहान शाळाविभाग पाडावे, विभागांतील लोकांनीं आपले विश्वस्त निवडावे, शाळेची इमारत व जळण त्यांनीं आपल्या खर्चानें करावें. संस्थानाचा पैसा फक्त मास्तरांच्या पगारास, आणि जितका तिकडून येईल तितकाच गांवानें करानें उभारावा. सर्वांवर देखरेखीस एक सुपरिंटेंडेंट. असा अधिकारी नेमणारें न्यूयॉर्क हेंच अमेरिकेंतलें पहिलें संस्थान. १८१३ सालीं त्या जागेवर गिडियन हॉली हा तरुण वकील आला. पगार वर्षास तीनशें डॉलर! वकिलांवर जन्मभर तोंड टाकणाऱ्या नांगऱ्याचें रोप अखेर एका वकिलानेंच आठ वर्षें निष्ठेनें वाढविलें, हें नमूद केलें पाहिजे.

कायदा पुरा नव्हता. कर बसवावा कीं नाहीं हें प्रथम गांवाच्या खुषीवर सोडलें होतें. १८१४ त ती सवलत काढून घ्यावी लागली, कारण कित्येक गांवांनीं कर टाळण्यासाठीं संस्थानाचा पैसाहि नाकारला. त्याच वर्षीं दुसरें एक कलम आलें: मास्तराच्या पगारांत जी तूट येईल ती मुलांच्या हजेरीच्या दिवसांप्रमाणें आईबापांकडून वसूल करावी. यानें गरिबाच्या घरीं मूल शाळेंत पाठविणें म्हणजे रोज एक देणें वाढविणें झालें, आणि पेरणीच्या व कापणीच्या दिवसांतच नव्हे तर हिंवाळ्यांतहि तीं मुलें घरीं राहूं लागलीं. १८२१ च्या नव्या घटनेनें गोऱ्या पुरुषांच्या मतदानावरील जमिनीच्या अटी बऱ्याच सैल केल्या, पण काळ्या लोकांस अडीचशें डॉलरच्या मिळकतीची अट नवीन घातली; स्त्रियांस तर मत नव्हतेंच.

पेक त्याच १८२१ सालीं ऑगस्टांत बर्लिंग्टन येथें वारला. कूपरचें नांव गांवास राहिलें, आणि तें गांव आज तेथील बेसबॉल खेळाच्या संग्रहालयामुळें देशभर ठाऊक आहे. पेकचें नांव इतिहासाचे अभ्यासक सोडल्यास फारसें कोणी घेत नाहीं. हजेरीप्रमाणें घ्यावयाची ती फी न्यूयॉर्कच्या कायदेमंडळानें १८६७ सालीं रद्द केली, आणि त्या संस्थानांतील सार्वजनिक शाळेंत शेतकऱ्याचें मूल कांहींएक न देतां बसलें.